न कळणाऱ्याची खुर्ची

१८ जून १९७३, सोमवार

आजपासून ही वही. हौस माझी नाही, आमच्या गिरिजाबाईंचा हुकूम आहे. काल बदनापूरहून निघताना तिने ही पिशवीत टाकली आणि म्हणाली, "आठवडाभराची कुरकुर साठवून आणता आन् शनिवारी माझ्या डोक्यावर ओतता. त्यापरीस हितं लिवून काढा, मंग मोकळ्या तोंडानं घरी या." बायको म्हणून तिचं बरोबर असेल. पण बोरखेडीच्या शाळेचा मुख्याध्यापक कुरकुर करणार नाही तर काय भजन म्हणणार?

पहिली कुरकुर अशी. पाच वर्षं मी बदनापूरला बदली मागतो आहे. घर तिथे, बायको तिथे, आणि मी इथे भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर पिठलं ढवळतो आहे. 'तुमच्या जागी माणूस मिळाला की सोडतो, त्रिंबकराव' हे उत्तर मला पाढ्यासारखं पाठ झालं आहे. आज माणूस आला. बेबीनंदा बाई, हसनाबादकडची, बौद्ध समाजातली, बावीस-तेवीस वर्षांची पोर, ट्रेनिंग नुकतंच संपलेलं. मी मनातल्या मनात बिऱ्हाड बांधायला घेतलं. मग कळलं, तिची नेमणूक गावात नाहीच. नाल्यापलीकडच्या धनगर वस्तीवर एक वर्ग काढून बघायचा आहे, चालला तर ठेवायचा, नाही तर बंद. बांधलेलं बिऱ्हाड परत सोडलं.

त्या वस्तीवरची पोरं आजवर शाळेची पायरी चढलेली नाहीत. दिवाळी झाली की मेंढरांमागे जातात, ती उन्हाळा सरताना परत येतात. त्यांना ही काय शिकवणार? मी तसं स्पष्ट बोललो. "बघू, गुरुजी," म्हणाली. मला 'बघू' म्हणणारी माणसं आवडत नाहीत.

२६ जून, मंगळवार

शाळेत खुर्च्या दोन. आज एक गेली. वस्तीवरचे आबाराव आले आणि डोक्यावर घेऊन निघाले. हे आबाराव तिथले वडीलधारे. गेल्या दुष्काळात त्यांची निम्मीअधिक मेंढरं गेली, मेंढरांचं छप्पर रिकामं पडलं, तेच त्यांनी वर्गाला दिलं आहे. बाई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागून चालली होती. गावातून तांब्या कशाला न्यायचा, वस्तीवर काय पाणी नाही? असो.

खुर्ची सरकारी मालमत्ता आहे. मोडली तर भरून कोण देणार, हे मी विचारलं. पुन्हा "बघू."

३ जुलै, मंगळवार

खुर्ची शाबूत आहे का ते बघायला वस्तीवर गेलो. चिखल, काटे, वर धोतराला कुसळं. छपराला अजून लेंड्यांचा वास येतो. आत बघतो तर खुर्चीवर एक शेंबडा पोरगा, पाय हलवत, राजासारखा. बाई खाली जमिनीवर मांडी घालून!

"हे काय चाललंय?"

"ह्याला कळलं न्हाई, गुरुजी. म्हणून तो खुर्चीवर बसलाय."

"म्हणजे शिक्षा?"

"न्हाई, मान. ज्याला कळलं न्हाई त्याच्यासाठी वर्ग थांबतो. त्याला खुर्ची. मी खाली बसून पुन्हा सांगते, माझ्यानं जमलं न्हाई तर पोरं सांगतात. कळलं की त्यानं उतरायचं, दुसऱ्याला बसू द्यायचं."

मी म्हणालो, अशाने मठ्ठपणाला उत्तेजन मिळेल. ती हसली. "मिळालंच की. पहिले दोन-तीन दिवस कुणी बसंना. आता खुर्चीसाठी भांडणं होतात."

पोरांच्या हातात पाट्या कमी, चिंचोके जास्त. बेरीज चिंचोक्यांची, वजाबाकी चिंचोक्यांची. आबारावांची नात बायना, आठेक वर्षांची, झिपरी, ती त्या शेंबड्याला चिंचोके मांडून दाखवत होती. चुकला की रागावत नव्हती, नुसतं "हां, परत" म्हणायची. हे 'हां, परत' बाईचं आहे. मी निघेपर्यंत तो खुर्चीवरून उतरला नव्हता. मीही जरा जास्तच थांबलो, ऊन होतं म्हणून.

२० जुलै, शुक्रवार

बाई खडू न्यायला आली होती. खडू मोजून देताना सहज विचारलं, एवढ्या लांब येऊन चिखल तुडवायचा तर मास्तरीणच का झालीस, नर्स वगैरे व्हायचं.

ती म्हणाली, "गुरुजी, आमचे मास्तर धडा संपला की विचारायचे, कळलं का? समदे म्हणायचे, हो. मीबी म्हणायची. मला वाटायचं, शाळेत जायचं ते हो म्हणायलाच. आई दिवसभर लोकांच्या रानात निंदायला जाऊन मला शाळेत धाडायची. मंग न्हाई कसं म्हणायचं? असं हो हो करत चौथीत गेले आन् नापास झाले. माझ्यासंगट दोघी नापास झाल्या. त्यांची शाळा तिथंच सुटली, त्या आजून निंदायला जातात. मला आईनं परत बसवलं, एवढाच फरक." मग खडू पदरात बांधत म्हणाली, "एक तरी वर्ग असा पाहिजे जिथं न्हाई म्हणता येतं. दुसरं काही मनात न्हाई माझ्या."

मी तिला समजावलं की सगळेच शिक्षक तसं विचारतात, ती पद्धत आहे. माझ्या वर्गात तर तसा प्रश्नच येत नाही. आज मुद्दाम चारदा विचारलं, कळलं का? चारही वेळा सगळ्या वर्गाने एका सुरात हो म्हटलं. मागच्या रांगेतला संपत तर सगळ्यांत मोठ्याने.

६ ऑगस्ट, सोमवार

आज बाईला अनुभवी माणसाचा सल्ला दिला. म्हटलं, चिंचोके कसले मोजता, मेंढपाळांची पोरं आहेत, त्यांना मेंढरांची गणितं घाला, चुटकीसरशी येतील. परिसराशी जोडलेलं शिक्षण की काय म्हणतात ते हेच. तिला पटलं. मीच गणित सांगितलं, तिने फळ्यावर लिहिलं. वीस मेंढरं होती, सात मेली, किती राहिली?

पोरं मुकी झाली. एकजण बोलेल तर शपथ. बायना तर खाली मान घालून बसली. खुर्ची रिकामी होती, तिच्यावरही कुणी जाईना. बाहेर आल्यावर मी बाईला म्हणालो, डोकी जड आहेत, मी सांगत होतो.

८ ऑगस्ट, बुधवार

काल वस्तीवरच्या वर्गात एकही पोर नाही. आजही नाही. बाईने आबारावांना गाठायचं ठरवलं. एकटी कशी जाईल म्हणून मी सोबत गेलो.

आबाराव छपराबाहेर बसले होते. आम्हाला बसायला घोंगडी सरकवली. मग म्हणाले, "बाई, मेंढरं मोजत नसतेत. मोजली की घटतात. आमच्यात कुणी मोजत न्हाई."

मी म्हटलं, मग हरवलेलं कळतं कसं?

"तुमी घरातली माणसं मोजता का, गुरुजी? जेवायला बसलं की कोण न्हाई ते दिसतंच की. मेंढराचं तोंड वळखू येतं." मग छपराकडे बघून म्हणाले, "गेल्या साली किती गेली, ते आजून वस्तीवर कुणी तोंडानं म्हणलेलं न्हाई. आन् आमचीच पोरं ते मोठ्यानं म्हणून राह्यली आसती. त्यांच्या आया रडल्या परवा."

मी धोतराची कुसळं काढत बसलो. बाई मात्र उठल्या, छपरात गेल्या आणि सरळ खुर्चीवर जाऊन बसल्या. बाहेर घोळका करून उभ्या असलेल्या पोरांना म्हणाल्या, "मला कळलं न्हाई. मला सांगा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग बायना आत आली, बाईंच्या समोर जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. मेंढरांना नावं असतात, कुणाची कपाळावर चांदणी, कोण लंगडी, कुणाचा कान फाटका, आणि गेलेल्यांची नावं कशी घेत नाहीत. दुसरी पोरं मध्येमध्ये भर घालत होती. बाई एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होत्या आणि चुकल्या की बायना म्हणायची, "हां, परत." शेवटी बायनाने विचारलं, "कळलं?" बाई म्हणाल्या, "आता कळलं," आणि खुर्चीवरून उतरल्या. वर्ग तिथूनच सुरू झाला.

ते गणित कुणाचं होतं, हे बाईंनी आबारावांना सांगितलं नाही. मी सांगणार होतो, पण नेमका ठसका लागला.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

तालुक्याहून विस्तार अधिकारी तातेराव साहेब आले होते. चहा घेताना हळूच म्हणाले, "बदनापूरची जागा रिकामी झाली, त्रिंबकराव. वस्तीवरचा वर्ग काही टिकत नसतो, मी बघतोय. दिवाळीनंतर तपासणीला येतो. वर्ग बंद झाला की बाई गावात तुमच्या जागेवर, तुम्ही बदनापुरात. तुमचा शेरा तेवढा बराबर द्या." पाच वर्षांनी कुणीतरी माणसात घेतलं.

हे सांगावं म्हणून नाही, सहजच वस्तीवर गेलो. तिथे आबाराव म्हणाले, "गुरुजी, शाळा ऱ्हाणार आसल तर औंदा बायनाला आजीपाशी ठेवून जातो. बाकीचेबी पोरं ठेवतो म्हणून राह्यलेत. पण आधी पक्कं कळाया पाहिजे. पोरगी मागं ठेवली आन् शाळा गेली, तर न्हाई हिकडची न्हाई तिकडची व्हायची ती." मी म्हटलं, बघू. तोंडातून 'बघू' गेलं आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं.

बाईंचा पाण्याचा तांब्या हल्ली दिसत नाही. रोज घरीच विसरून येतात वाटतं. आज बायनाची आजी कळशीतून त्यांना पाणी देत होती. नव्या लोकांच्या काही लक्षात राहत नाही.

३० ऑक्टोबर, मंगळवार (बदनापूर)

दिवाळीची सुट्टी. करंज्या उत्तम. बदनापूरची बातमी सांगितल्यावर गिरिजाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. काल मात्र म्हणाली, "एक इचारू? तुमी आल्यापासून बायना असं म्हणली, बाईंनी तसं केलं, एवढंच सांगून राह्यले. गावातल्या शाळंत तुमचीबी पोरं हायेत ना?" मी म्हटलं, तिथे सांगण्यासारखं काही घडत नाही.

तिने विचारलं, का घडत नाही? बायकांना काहीही विचारायची सवय असते.

२० नोव्हेंबर, मंगळवार

तपासणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

साहेब वस्तीवर आले, छप्पर बघून नाक मुरडलं आणि वर्गातल्या एकमेव खुर्चीवर बसले. साहेब दुसरीकडे कुठे बसणार? बाई काही बोलायला गेल्या, तर हाताने गप्प केलं. "मीच विचारतो." मग माझ्याकडे बघून, हुशारीने म्हणाले, "मेंढपाळांची पोरं. त्यांच्याच भाषेत विचारलं पाहिजे." पुढे काय येणार ते मला कळलं.

"सांगा रे. वीस मेंढरं होती. सात लांडग्यानं नेली. किती राहिली?"

वर्ग मुका. साहेबांनी परत विचारलं. मुका. तिसऱ्यांदा आवाज चढवून विचारलं. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. दारात आबाराव उभे होते, त्यांनी मान फिरवली. संपलं सगळं, असं मला वाटलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तेवढ्यात पोरांत कुजबूज झाली. बायना उठली, चिंचोक्यांची पिशवी घेऊन साहेबांच्या पायाशी येऊन बसली आणि इतक्या मायेने बोलायला लागली की काय सांगू.

"साहेब, तीनदा तेच इचारून राह्यले तुमी, म्हंजी तुमाला कळलं न्हाई. घाबरू नका. ज्याला कळत न्हाई त्योच खुर्चीवर बसतो. आमी समदेच बसलो. बाईबी बसल्या एक डाव."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. तिने चिंचोके मांडले. "मेंढरं मोजत नसतेत. चिंचोके घेऊ. हे इस. मोजा माझ्यासंगट." आणि साहेब मोजायला लागले! मी डोळ्यांनी बघितलं. मोठ्याने, बोट लावून. "आता सात बाजूला काढा. न्हाई, तुमी काढा, मी काढल्यावर तुमाला कसं येणार?" साहेबांनी सात काढले. गडबडीत आठ निघाले.

"हां, परत," बायना म्हणाली.

परत काढले. "किती ऱ्हायले?"

"तेरा," साहेब म्हणाले.

"बराबर!" सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, तिथे तशी पद्धत आहे. बायना उठून उभी राहिली. "आता उतरा, साहेब. दुसऱ्याला बसू द्या."

साहेब उतरले. कुणीच हसलं नाही, पोरांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. एकटे साहेब कानापर्यंत लाल झाले होते.

२१ नोव्हेंबर, बुधवार

काल पुढचं लिहायचं राहिलं. साहेबांना वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीला सोडायला मी गेलो. वाटभर ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. हॉटेलात चहा आल्यावर म्हणाले, "पोरांना शिस्त नाही. साधं गणित विचारलं तर उत्तर नाही, वर अधिकाऱ्याला खुर्चीवरून उठवतात. तुम्ही मुख्याध्यापक. तुमचं मत द्या, त्याप्रमाणे करतो."

नुसतं 'खरं आहे साहेब' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणालो, "साहेब, चोवीस वर्षं झाली नोकरीला. माझ्या वर्गातल्या एकाही पोराने मला कधी काही समजावून सांगितलेलं नाही. तिथलं पोर तुम्हाला सांगू शकलं."

"म्हणजे?"

"म्हणजे वर्ग बंद करू नका. मेंढरांचं गणित त्यांच्यात विचारत नाहीत. ते मीही ऑगस्टमध्ये विचारलं होतं. मी घालून दिलं होतं, बाईंनी नाही. चूक माझी होती."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "आणि बदनापूर?"

तेवढ्यात एसटी आली. बरं झालं. मी काही मोठेपणा वगैरे केलेला नाही, हे इथे नमूद करतो. विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. गाडीत चढताना साहेब दारातून वळले आणि म्हणाले, "आठ निघाले होते हो माझ्याकडून." मग मात्र हसले.

३ डिसेंबर, सोमवार

वर्ग कायम झाला. बदनापूरची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

शनिवारी घरी सांगितलं. गिरिजाबाई रागावणार म्हणून बसलोच होतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बदली गेली, तरी तोंड पडलेलं न्हाई तुमचं." मग साखरेच्या डब्याकडे गेली. ही साखर कशाची, ते तिने सांगितलं नाही.

आज आबाराव मेंढरं घेऊन निघाले. आम्ही नाल्यापर्यंत गेलो. मेंढरं उतरणीला लागली तशी सवयीने मी मोजायला लागलो, आणि लगेच जीभ चावून थांबलो. आबारावांनी ते बघितलं असावं. म्हणाले, "पोरगी ठेवून चाललो, गुरुजी. तुमच्या भरवशावर." बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझ्याही डोळ्यांत धूळ गेली होती. मेंढरांची धूळ वाईट.

बायना बराच वेळ हात हलवत होती. मग बाईंना म्हणाली, "चला, वर्गाला उशीर होतो."

ही बाई माझ्या शाळेत आहे याचा मला अभिमान वाटतो. एकदा लिहून टाकलं. तोंडावर सांगणं जमणार नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

पंधरा दिवस झाले, मी वर्गाला सांगतो आहे, ज्याला कळलं नाही त्याने सांगावं, मी रागावणार नाही. आणि पंधरा दिवस सगळा वर्ग हो गुरुजी, कळलं गुरुजी म्हणतो आहे. छडी कपाटात ठेवली, तरी हो. खुर्ची फळ्यापुढे आणून ठेवली, तरी तिच्याकडे कुणी बघेना. एवढी वर्षं मी त्यांना हो म्हणायला शिकवलं, ते त्यांना पक्कं आलं आहे.

आज भागाकार होता. फळा भरून गणित सोडवलं, सवयीने खुर्चीवर बसलो, सवयीने विचारलं, "कळलं का?"

"हो गुरुजी."

मग मागच्या रांगेत काहीतरी हललं. संपत उभा राहिला होता. माझ्याकडे न बघता, भिंतीशी बोलल्यासारखा तो म्हणाला, "न्हाई."

पुढच्या रांगा वळून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"न्हाई कळलं, गुरुजी. कालचंबी न्हाई. त्याच्या आधीचंबी."

मी खुर्चीवरून उठलो. त्याला वाटलं मी कपाटाकडे चाललो, तो मागे सरला. मी त्याचा हात धरून आणला, खुर्चीवर बसवला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे चांगलेच कुरकुरले. तिथून मान वर करून फळ्याकडे बघितलं. खालून फळा फार उंच दिसतो. आणि कोपऱ्यात मी किती बारीक लिहितो, ते काही म्हणजे काही वाचता येत नाही.

उठून सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.